मोरपंखी कोटातला पियानोवाला

गेल्या वर्षी आमच्या मंडळात एका निवृत्त प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. विषय होता जुन्या बेंगळूरमधलं पाश्चात्त्य संगीत. प्राध्यापक अभ्यासू, बोलणं गोड, ऐकताना मजा आली. शेवटाकडे येताना ते म्हणाले, "त्या काळात गंभीर संगीत ऐकायला मिळे ते संगीतसभेच्या मैफलींत. बाकी हॉटेलांतून नुसती करमणूक चाले. चमचमता कोट घालून पियानो बडवणारा कोणी एक पिंटो तेव्हा फार लोकप्रिय होता म्हणतात. पण त्याला काही कलाकार म्हणता येणार नाही."

मी उभा राहिलो. या वयात उभं राहायला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तो कोट मी शिवलाय," मी म्हणालो.

लोक हसले. प्राध्यापकही हसले, चांगल्या मनानं. "वा! मग कोट उत्तमच असणार. पण प्रश्न संगीताचा आहे," असं म्हणून ते पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मी खाली बसलो, पण मन बसेना. आमच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई "तुमच्या धंद्यातल्या आठवणी लिहा" म्हणून केव्हापासून मागे लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून सांगितलं, लिहितो. ज्या मेजरसाहेबांनी पोट आत ओढून माप दिलं आणि कोट झाल्यावर शिंप्याच्या नावानं शंख केला, त्यांची गोष्ट वाचायला बाईंना आवडली असती. नवरदेवाच्या सुटात सासऱ्यालाही बसवून बघणाऱ्या वऱ्हाडाचीही गोष्ट आहे. त्या राहू देत. मी शिंपी आहे. मला संगीत कळत नाही असं कोणी म्हणालं तर माझी हरकत नाही. ऑब्री पिंटो कलाकार नव्हता असं म्हणालं तर मात्र आहे.

आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठा फौजेबरोबर इकडे आलं असं घरात सांगत. फौजेचे तंबू आणि अंगरखे शिवत आलो, फौज गेली, आम्ही राहिलो. पुढे गोऱ्यांच्या पलटणी आल्या, तर त्यांचे कोट शिवले. घर पेटेत, म्हणजे जुन्या शहरात. दुकान दंडूत, म्हणजे कँटोन्मेंटात. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात. हसू देत. इतकी वर्षं माहेराबाहेर नांदलेल्या भाषेला चार कानडी शब्द लागले तर काय बिघडलं?

दुकान वडिलांचं. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णांनी जनरलसाहेबांचे गणवेश शिवले होते, न्यायाधीशांचे झगे शिवले होते. दर्शनी काचेमागे नेहमी एक काळा किंवा खाकी कोट लटकलेला असे, आणि त्याच्या कॉलरवर माशी बसली तरी घसरेल अशी इस्त्री असे. अशा दुकानात, म्हैसूर राज्य नुकतंच मोठं झालं होतं त्या सुमारास, म्हणजे छप्पन-सत्तावन्न साली, एका सकाळी ऑब्री पिंटो शिरला.

तिशीतला, सावळा, बारीक, केस तेल लावून मागे वळवलेले. मूळचा मंगळूरकडचा ख्रिस्ती, वाढलेला इथेच. दंडूतल्या एका मोठ्या हॉटेलात पियानो वाजवत असे. तो कोकणी बोले, मी मराठी, आणि दोघांचं अडलं की कानडी मदतीला येई.

"मला कोट पाहिजे," तो अण्णांना म्हणाला. "असा पाहिजे, की मी दारातून आत आलो की वेटरच्या हातातली बशी पडली पाहिजे."

अण्णांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "रंग?"

"मोराचा."

"आम्ही असलं शिवत नाही. बँडवाल्यांचे शिंपी पलीकडच्या गल्लीत आहेत."

तो रागावला नाही. वाकून नमस्कार केला, अगदी रंगमंचावर करतात तसा, आणि बाहेर पडला. मी तेव्हा पंचविशीचा होतो. काळे आणि खाकी कोट शिवून शिवून मला स्वप्नंही त्याच रंगांची पडत. मी त्याच्या मागे रस्त्यावर गेलो आणि म्हणालो, "मी शिवतो. घरी या."

अण्णा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "शिवायचा तर शिव. पण तो कोट या दुकानाच्या काचेत लागणार नाही." सरी, म्हणजे बरं, म्हणालो.

पियानोवाल्याचा कोट ही काय भानगड असते ते सांगायला हवं. साधा कोट आपण उभ्या माणसावर बेततो. पियानोवाला बसलेला असतो, दोन्ही हात पुढे, आणि लोकांना दिसते त्याची एक बाजू आणि पाठ. उभ्यानं माप घेतलेला कोट घालून तो बसला की कॉलर मानेपासून सुटते, बाह्या वर चढतात, आणि हात लांबवला की सगळा कोटच खांद्यांवर गोळा होतो. वाटतं की हात हलायला हवेत तर मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती जागा, ऐसपैस ठेवावी. मीही तसाच ठेवला आणि पहिला कोट वाया गेला. दुसऱ्या वेळी त्याला स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, आता वाजवा. तो स्वतःच्या गुडघ्यांवर वाजवायला लागला. मी खडू घेऊन त्याच्याभोवती फिरत राहिलो. तेव्हा कळलं की मुंढा काखेत जितका वर आणि नेटका, तितका हात मोकळा. कोट जागेवर राहतो आणि हात एकटा निघून जातो.

गुडघ्यांवर वाजवतानाही त्याचा चेहरा बदलत होता. मी विचारलं, "काय वाजवताय?"

"माझ्या मिसनी पहिल्यांदा शिकवलेला धडा," तो म्हणाला. "नवीन कोटात आधी तोच वाजवायचा."

टिकल्यांचं काम अक्कानं केलं. अक्का माझी थोरली बहीण, लवकर विधवा झाली आणि माहेरीच राहिली. तिच्या हातात असं कसब होतं की कापडावर पाणी ओतल्यासारखी जरतार पसरे. निळ्या-हिरव्या साटिनवर, पाठीवर तिनं एकच मोठा मोराचा डोळा भरला. ऑब्री घरी येऊन तिच्यासमोर मांडी घालून बसे. एकदा म्हणाला, "अक्का, बाहीच्या खालच्या अंगाला टिकल्या नकोत. लाकडाला घासून कटकट वाजतात. माझ्या संगीतात काटे-चमच्यांचा आवाज मी सोसतो, टिकल्यांचा नाही सोसणार."

अक्कानं ओळीच्या ओळी उसवल्या. तो गेल्यावर मला म्हणाली, "ह्याला खेळ कुठला आणि काम कुठलं ते बरोब्बर कळतं रे."

कोट तयार झाल्यावर एका रविवारी दुपारी मी हॉटेलात गेलो. खास कपडे करून, मागच्या खांबाशी उभा राहिलो. साहेबांचं राज्य जाऊन वर्षं झाली होती, पण रविवारच्या दुपारी ती मोठी खोली भरलेली असे. गिरणीतले अधिकारी, कॉलेजातली पोरं, अँग्लो-इंडियन कुटुंबं, एखादा मारवाडी व्यापारी बायको-मुलांना घेऊन. ऑब्री मागच्या दारातून आला, टेबलांमधून फिरला, एका आजीबाईंच्या हाताचं चुंबन घेतलं, वेटरला वाकून नमस्कार केला. बशी पडली नाही, पण वेटर लाजला. मग पियानोजवळ जाऊन त्यानं विचारलं, "आज सकाळी घराबाहेर पहिला आवाज कुठला ऐकलात?"

कोणी काय, कोणी काय सांगितलं. एक लहान मुलगी ओरडली, "सोप्पूवाली!"

सोप्पू म्हणजे पालेभाजी. डोक्यावर टोपली घेऊन बायका गल्लीगल्लीतून "सोप्पूऽऽ" अशी लांब हाक देत जात. ऑब्रीनं ती हाक एका बोटानं वाजवली. सगळे हसले. दुसऱ्या हातानं त्याखाली काहीतरी जड, सावकाश घातलं, आणि हसणं थांबलं. रोज ऐकलेल्या त्या हाकेत मला कधी न दिसलेली बाई दिसली. उन्हात चालणारी, मान दुखणारी, कोणी दार उघडत नाही म्हणून पुन्हा हाक देणारी. माझ्या शेजारच्या खांबाशी एक साहेब सिगारेट विझवायची विसरला. मग एकदम ऑब्रीनं तीच हाक अशी उधळली की पोरं खुर्च्यांवरून उठून नाचायला लागली. तो स्वतः उठून उभा राहून वाजवत होता, पाठीवरचा मोराचा डोळा झुंबराखाली लखलखत होता.

आता सांगा, यात करमणूक कुठे संपली आणि गंभीर संगीत कुठे सुरू झालं? मला ती शिवण दिसली नाही. आणि शिवण शोधणं हा माझा धंदा आहे.

पण शहरातल्या जाणकारांना ती दिसे. पाश्चात्त्य संगीताची एक सभा होती. त्यात निवृत्त अधिकारी, डॉक्टर, शाळांच्या मुख्याध्यापिका. ते ऑब्रीला सर्कशीतला माणूस म्हणत. त्याचं ऑब्रीला फारसं वाटत नसे. वाटे ते मिस हॅलिडेंचं.

मिस हॅलिडे त्याच्या गुरू. चर्चच्या शाळेत त्यांनी त्याला लहानपणापासून शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या व्हाइटफील्डला राहत. आज तिथे काचेचे मनोरे आणि गाड्यांची रांग आहे. तेव्हा कँटोन्मेंट स्टेशनातून गाडीनं जायचं, उतरून लाल मातीच्या रस्त्यानं चालत जायचं, आणि मग अँग्लो-इंडियन म्हाताऱ्यांच्या कौलारू बंगल्या, पेरूची झाडं आणि शांतता. मिसना थंडीसाठी कोट हवा होता, म्हणून ऑब्री मला माप घ्यायला घेऊन गेला.

उंच, ताठ, पांढऱ्या केसांची बाई. माप देताना पोट आत ओढलं नाही. चहा झाला. कोपऱ्यात जुना पियानो होता, त्यावर धूळ नव्हती. ऑब्रीचा हात सहज तिकडे गेला.

"तू अजून ते चमकणारं घालतोस?" मिसनी विचारलं.

"हो, मिस."

"मग त्याला हात लावू नकोस. मी पियानोवादक घडवला होता, डोंबारी नाही."

ऑब्रीनं हात मागे घेतला. परतीच्या गाडीत हेब्बाळच्या तळ्यावर पाखरं बघायला जाऊ, असलं काहीतरी बडबडत होता. मग मधेच म्हणाला, "माधव, ती एकदा येऊन बसली असती तर मी काय करतो ते तिला कळलं असतं. पण ती येत नाही."

मग तो प्रसंग आला. परदेशातले एक नामांकित वादक संगीतसभेच्या मैफलीसाठी यायचे होते; मद्रासला आजारी पडले आणि तिथूनच परत गेले. तिकिटं लोकांच्या हातात होती. तो कार्यक्रम वाजवू शकेल असा माणूस शहरात एकच होता, आणि हे सभेच्या सेक्रेटरींना मनातून माहीत होतं. ते ऑब्रीला घेऊन स्वतः दुकानात आले. कर्नल म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, अण्णांचं जुनं गिऱ्हाईक.

"काळा कोट हवा," त्यांनी अण्णांना सांगितलं. मग ऑब्रीकडे वळून अटी घातल्या. मंचावर बोलायचं नाही. लोकांमधून चालत यायचं नाही. छापलंय तेवढंच वाजवायचं. "मिस हॅलिडे पहिल्या रांगेत असतील. आणि सगळं व्यवस्थित झालं तर आमच्या संगीतशाळेत शिक्षकाची जागा आहे, मिस्टर पिंटो. हॉटेल सोडता येईल."

"मिस येणार?" ऑब्रीनं एवढंच विचारलं.

"त्यांनी कबूल केलंय."

"मग शिवा कोट."

मी टेप उचलला, पण अण्णांनी तो माझ्या हातातून घेतला. "हा मी शिवणार," म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. पियानोवाल्याला बसवून माप घ्यायचं असतं हे मी सांगितलं, तर त्यांनी मुकाट्यानं ऑब्रीला स्टुलावर बसवलं आणि त्याच्याभोवती फिरले. असा काळा कोट मी आजवर पाहिलेला नाही. त्यात जराही खोट नव्हती, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्याचा दोष कोटावर नाही.

मैफल एका शाळेच्या जुन्या हॉलमध्ये, संध्याकाळी. संपल्यावर ऑब्रीला तसंच हॉटेलात जायचं होतं, म्हणून मोरपंखी कोट माझ्या पिशवीत होता. मी आतल्या खोलीत थांबलो. अण्णा स्वतः आले होते, मागच्या रांगेत बसले होते, आपला कोट बघायला.

पहिला भाग मी पडद्याच्या फटीतून पाहिला. ऑब्री आला, मान लववली, बसला, वाजवलं. कुठे चूक झाली नाही असं सगळे म्हणाले. मला दिसत होती त्याची पाठ. ती पाठ मी वर्षानुवर्षं पाहिली होती. सूर येण्याआधी ती हले. त्या दिवशी ती परीटघडीच्या कपड्यासारखी सपाट होती. टाळ्या पडल्या, मोजून-मापून.

मध्यंतरात सेक्रेटरी हर्षानं आत आले. "उत्तम, मिस्टर पिंटो! पाहा, किती सोपं होतं. आज पहिल्यांदा तुम्ही कलाकार वाटलात."

ते गेले. ऑब्री खुर्चीत बसून राहिला. "पहिल्यांदा," तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. "माधव, पिशवी दे."

"अय्यो, वेड लागलं का?" मी म्हणालो. "शाळेतली जागा जाईल. आणि पुढे मिस बसल्यात."

"म्हणूनच दे. तिनं आज जो माणूस ऐकला तो पुरता मी नव्हतो. उद्या ती मेली तर त्यालाच ऐकून मेलेली असेल."

मी पिशवी दिली. का दिली असं पुढे अण्णांनी विचारलं. तुम्ही त्याचा चेहरा पाहिला असता तर तुम्हीही दिली असती, एवढंच उत्तर मला सुचलं.

दुसऱ्या भागाची घंटा झाली. मंच रिकामा होता. मग हॉलचं मागचं दार उघडलं आणि ऑब्री मोरपंखी कोटात मधल्या वाटेनं चालत आला. आधी शांतता, मग कुजबूज, मग कोणीतरी "शेम!" म्हणालं. काही लोक उठून गेले. सेक्रेटरी लगबगीनं पुढे झाले. ऑब्रीनं हात जोडले.

"पहिल्या भागात तुम्ही ज्याला टाळ्या दिल्यात तो मीच होतो," तो लोकांना म्हणाला. "हाही मीच आहे. छापलंय तेच वाजवणार आहे, सूर न् सूर तोच. ज्यांना कोट नको असेल त्यांनी जावं. ज्यांना सोनाटा हवाय त्यांनी बसावं."

आणि बसून वाजवायला लागला. एका जुन्या जर्मन उस्तादाची लांबलचक रचना होती. मला तिच्यातलं काय कळणार? मी पाठ पाहत होतो. मोराचा डोळा श्वास घेतल्यासारखा आवळत होता, पसरत होता. मधल्या संथ भागात तर तो जवळजवळ हलला नाही, फक्त एक खांदा जरासा खाली येई आणि त्यासरशी खालचा सूर येई, जणू विहिरीत कोणी घागर सोडतंय. उठून गेलेल्यांपैकी दोघं-तिघं दारातच थांबले होते. शेवटच्या वेगवान भागात त्यानं मान मागे टाकली, केस उडाले, हसला सुद्धा. संपल्यावर निम्मा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि निम्मा हाताची घडी घालून बसला होता.

मिस हॅलिडे काठी टेकत आतल्या खोलीत आल्या. ऑब्री घामानं निथळत होता. त्या म्हणाल्या, "दुसरा भाग मी डोळे मिटून ऐकला. डोळे मिटले की तू माझा विद्यार्थी आहेस. माझा सर्वांत चांगला विद्यार्थी."

हे वाक्य ऐकायला त्यानं किती वर्षं घालवली होती ते मला माहीत होतं. मला वाटलं, आता हा पाया पडेल.

"मग उघडे ठेवा, मिस," ऑब्री म्हणाला. "कानांना आवडलेला मी आणि डोळ्यांना नावडलेला मी, असे दोन मी नाहीत. घ्यायचं तर सगळं घ्या."

मिस काठी टेकत निघून गेल्या.

अण्णा आत आले ते त्यांचा काळा कोट शोधत. तो खुर्चीवर पडला होता. त्यांनी तो झटकला, त्याची घडी केली आणि छातीशी धरला. जटक्यात बसल्यावर, घोडा पेटेच्या दिशेनं वळल्यावर म्हणाले, "टाकला त्यानं. खुर्चीवर टाकला." अण्णांचं मत पुढेही कधी बदललं नाही. रविवारी दुपारी एकदा हॉटेलात चला म्हणून मी फार मागे लागलो, ते आले नाहीत. त्यांना एकदा तरी न्यायला हवं होतं, ही रुखरुख मला अजून आहे.

शाळेतली जागा दुसऱ्याला मिळाली. संगीतसभेनं ऑब्रीचं नाव घेणं सोडलं. हॉटेलात गर्दी वाढली, पण त्यातले पुष्कळ लोक त्या भांडणाची मजा बघायला येत, आणि ते त्याला कळे. तरी एका रविवारीही त्यानं काळा कोट घातला नाही. उलट माझ्याकडून एक केशरी शिवून घेतला. व्हाइटफील्डला मात्र तो गेला नाही. मिसच्या कोटाची डागडुजी मीच जाऊन करून येई. त्या त्याच्याबद्दल विचारत नसत, मी सांगत असे.

वर्ष उलटून गेल्यावर अक्कानं हट्ट धरला की तिला आपला मोराचा डोळा दिव्याखाली बघायचाय. देवाच्या उत्सवमूर्तीला सजवतात तेव्हा अक्का पहाटेपासून फुलं ओवत बसे, ज्यांना ऑब्रीचा कोट खटके त्यांना ती म्हणे, "सजवल्यानं देव कमी होतो का? मग हा कसा कमी होईल?" रविवारी दुपारी मी तिला घेऊन गेलो. नऊवारीतली अक्का त्या हॉटेलात शिरली तेव्हा सगळे बघायला लागले, तिनं कोणाकडे पाहिलं नाही. आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. तिथे एक बाई आधीच बसल्या होत्या, समोर चहा, काठी खुर्चीला टेकवलेली. मिस हॅलिडे. एकट्या, गाडीनं आल्या होत्या.

मी दोघींची ओळख करून दिली. मिसनी विचारलं, कोटावरचं काम यांनीच केलं का? मी अक्काला सांगितलं. अक्का म्हणाली, "विचार त्यांना, वाजवायला यांनीच शिकवलं का?" मिसनी मानेनं हो म्हटलं. "मग बरं झालं," अक्का म्हणाली, "दोघी आपापलं काम बघायला आलोय." मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्या ताठ बाईच्या ओठांचे कोपरे हलले.

ऑब्री टेबलांमधून फिरत आमच्यापर्यंत आला आणि जागच्या जागी थांबला. मिसनी हातानंच खूण केली, जा, वाजव. त्या दिवशी त्यानं सगळा आपला नेहमीचा खेळ केला, काही झाकलं नाही. शेवटी तर रेशमी रुमाल काढून पियानोच्या पट्ट्यांवर पसरला आणि पट्ट्या न दिसता, रुमालावरून, एक झपाट्याचा नाच वाजवला. रुमाल इंचभरही सरकला नाही. लोक टेबलं बडवत होते. मिस डोळे सताड उघडे ठेवून, पुढे झुकून, त्याचे हात बघत होत्या. हसत नव्हत्या.

संपल्यावर तो टेबलाशी येऊन उभा राहिला, मोरपंखी कोटात, शाळेतल्या पोरासारखा.

"रुमालावर तुझी डाव्या हाताची करंगळी घाबरते," मिस म्हणाल्या. "उशिरा पडते. बाकीची चार बोटं तिला सांभाळून घेतात."

ऑब्री गोंधळला. "मिस, ती तर नुसती गंमत असते..."

"नुसती?" मिसनी काठी जमिनीवर आपटली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "नुसती असेल तर करू नकोस. करतोस तर नीट कर. रोज सराव. आधी सावकाश."

"हो, मिस."

"आणि पुढच्या आठवड्यात घरी ये. माझा पियानो सुराला लावून घेतलाय."

तो खाली वाकला आणि त्यांच्या हातावर कपाळ टेकवून तसाच राहिला. "देव बरें करूं," एवढं कोकणीत पुटपुटला. मिसना ते कळलं नसावं. अक्काला कळलं, तिनं पदर डोळ्यांना लावला.

पुढे मिस गेल्या. साठच्या दशकात हॉटेलातला पियानो बंद पडला, तिथे गिटारवाली पोरं आली, आणि ऑब्री बहिणीकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेला. त्याचं वाजवणं कोणी ध्वनिमुद्रित केलं नाही. म्हणून आज कोणीही उठून काहीही म्हणू शकतं. मला मात्र त्या रविवारनंतरचा सोमवार आठवतो.

सकाळी दुकान उघडून थोडा वेळ झाला होता. अण्णा आत काजं करत होते. एक मेजरसाहेब ट्रायलसाठी येऊन बसले होते, घाईत होते, घड्याळ बघत होते. ऑब्री आला. ना नमस्कार, ना बडबड. घरात पियानो नव्हता त्याच्या, हॉटेलातली ती खोली दुपारी उघडे. कापायच्या टेबलावरचं कापड त्यानं बाजूला सारलं, कडेवर रुमाल पसरला आणि डाव्या हाताची करंगळी आपटायला लागला. सावकाश. पुन्हा. पुन्हा. भुवया आवळलेल्या, ओठ मिटलेले. मधेच थांबे, मान हलवे, पुन्हा पहिल्यापासून. आवाज कसलाच नाही, फक्त लाकडावर बोट.

मेजरसाहेब बघत राहिले. मग वैतागून म्हणाले, "माझी ट्रायल कधी? आणि हा माणूस तिथे काय चाळे करतोय?"

"काम करतोय, सर," मी म्हणालो. "त्याचं झालं की तुमची घेतो."